बारा मिलिमीटर

ताश्कंद, ११ जानेवारी २०१९

हुमायून,

सुरुवातीला सलाम लिहायचा असतो, तो लिहिला असं समज. तब्येत विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस. माझा नंबर तू फोनवर बंद करून टाकलास. आईला वर्षातून एकदा, नवरोजला, नंबर लपवून फोन करतोस आणि दोन मिनिटांत ठेवतोस. म्हणून हा कागद. तुझा हॅम्बुर्गचा पत्ता घरात फक्त माझ्याकडे आहे.

बाबांना पक्षाघात झाला. गेल्या रविवारी, सकाळी. अंगणातल्या नळावर हात धूत होते. नळ तसाच चालू राहिला म्हणून आई चिडून बाहेर गेली, तर हे तुतीच्या बुंध्याला टेकून बसलेले. उजवी बाजू गेली आहे. डॉक्टर म्हणाला, बासष्ट म्हणजे काही वय नाही, सुधारतील. तो सगळ्यांना तेच सांगतो, पुढच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही तेच सांगत होता आणि तो संध्याकाळी गेला. आम्ही बाबांना घरी आणलं.

आता ऐक. बाबांची भाषा गेली आहे. म्हणजे वाचा गेली नाही, बोलतात. पण उझबेक गेली, रशियन गेली. चाळीस वर्षं नगररचनेच्या कचेरीत, बाजारात, लग्नकार्यात ज्या भाषा बोलले त्या एका सकाळी पुसल्या गेल्या आणि उरली ती फक्त हेरातची फारसी. एकविसाव्या वर्षी एक पेटी आणि नकाशे आखायची एक टी-पट्टी घेऊन शिकायला आले, तेव्हा जी तोंडात होती ती. आईला ती येत नाही. मला येत नाही. तुला येते. तुला मांडीवर घेऊन शिकवली, मला म्हणाले, मुलीला काय करायची आहे, ती तर इथेच राहणार.

तर इथेच राहिले आहे मी आणि बाबा काय म्हणतात ते मला कळत नाही.

एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात. खत. 'खत अझ मन.' आईने ते ऐकलं आणि रडायला लागली. आपल्या उझबेकमध्ये खत म्हणजे पत्र, दुसरं काय! म्हणाली, "बघ, पत्र मागतायत. पोराचं पत्र मागतायत. अकरा वर्षं नाव काढलं नाही आणि आता बघ. लिही त्याला. आत्ताच्या आत्ता लिही, म्हणावं, ये."

म्हणून लिहिते आहे. ये.

मी तुझ्या जागी असते तर आले नसते, तेही लिहून ठेवते. तू जाताना जेवणाच्या चादरीवरून उठून जे बोललास ते गल्लीतल्या सात घरांनी ऐकलं होतं. "परक्याला मोहल्ल्यात घेतला, मुलगी दिली, आणि त्याने मोहल्लाच कापून खाल्ला." स्वतःच्या बापाला परका म्हणालास. तेव्हा तू बावीस वर्षांचा होतास आणि तुझं लग्न ठरलं होतं त्या ऑयदिनचं घर रस्त्यासाठी पडत होतं, म्हणून तुला सगळं माफ, असं सगळे म्हणाले. मी नाही म्हणाले.

ऑयदिनला आता तीन मुलं आहेत. त्यातल्या एकाचंही नाव हुमायून नाही.

आई विचारते आहे, लिहून झालं का. झालं.

मुहय्यो


ताश्कंद, २४ जानेवारी

हुमायून,

आई रोज विचारते, उत्तर आलं का. मी सांगते, नाही.

सुया टोचायला एक बाई यायची, रुखशोना नावाची, समरकंदची. तिला यायला नको सांगितलं. तिचा हात जड होता. आता मीच टोचते, शिकले आहे.

घरी कुणी येत नाही. तूतझोर मोहल्ला तुला आठवत असेल तो नाही हे खरं, अर्धा रस्त्याखाली गेला, पण उरलेला अर्धा तरी आहे ना? कुणी आजारी पडलं की सूप, साखर, निदान खोटा चेहरा घेऊन दारात येणारी बायामाणसं अजून आहेत. आमच्या दारावरून ती पलीकडे जातात. पावाच्या दुकानात हलीमा खाला भेटली. म्हणाली, "तुझा अफगाण कसा आहे गं?" मी म्हटलं, "बरा आहे." म्हणाली, "असणारच. स्वतःची काळजी घेणारा माणूस." आणि पाव दाबून बघत राहिली.

एके काळी 'आमचा अफगाण' म्हणायचे. तू लहान होतास, तुला काय आठवणार! मी सांगते. बाबांची उझबेक ऐकायला लोक मुद्दाम त्यांना बोलायला लावत. एकदा त्यांनी भर लग्नात नवऱ्यामुलाच्या आईला "तुम्ही फार पिकलेल्या आहात" असं सांगितलं होतं, म्हणायचं होतं अनुभवी. वर्षभर त्या बाईला पिकलेली म्हणत होते सगळे. आणि तीच बाई बाबांना पहिल्या जर्दाळूंची टोपली पाठवायची. कुणाला भिंत घालायची असली, पाट वळवायचा असला, की बाबा सकाळी फेटा न बांधता, चहा न घेता तिथे उभे. कचेरीतल्या पोरांना सांगायचे, गल्ली किती रुंद ठेवायची ते पुस्तकात बघू नका, वरात आणि जनाजा, दोन्ही न अडखळता वळले पाहिजेत, तेवढी ठेवा. आणि कागदावर लाल रेघ ओढायची असली, म्हणजे रस्त्याची हद्द, जिच्या आत येईल ते घर पडणार, तर आधी उठून हात धुवायचे. साबण लावून, नमाजाला धुवावेत तसे. आम्ही सगळ्या मुली मागे हसायचो. चार वर्षं त्या कचेरीत मी त्यांच्या हाताखाली ट्रेसिंगचा कागद अंथरून नकाशे उतरवले, पण मी कधी हात धुतले नाहीत.

आईबद्दल लिहायचं नव्हतं, पण लिहिते. अकरा वर्षं तिने त्यांना एकदाही उलट उत्तर दिलं नाही. फक्त चहाचा पियाला काठोकाठ भरून दिला. सकाळ-संध्याकाळ. तुला माहीत आहे, आपल्याकडे माणूस हवासा असला की घोटभर ओततात, पुन्हा पुन्हा ओततात. काठोकाठ भरला म्हणजे पी आणि ऊठ. स्वतःच्या नवऱ्याला, स्वतःच्या घरात, अकरा वर्षं. तो बाप्या दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता प्यायचा आणि उठायचा. आई शेजारच्या तुर्सुन-अकाच्या, ऑयदिनच्या बापाच्या, अंगणात खेळून वाढली होती. त्या अंगणावरून आता बस क्रमांक अठ्ठ्याऐंशी जाते.

आता तीच आई रोज त्यांच्या तोंडात चमच्याने चहा घालते, आणि म्हणते, "चमचा अर्धाच भरते गं मी. अर्धाच भरते."

काल मात्र तिने मला समोर बसवलं. तिला कशाची भीती आहे ते आता लिहिते. मरणाची नाही. म्हणाली, "जनाजा दारात ठेवला की इमाम विचारणार, हा माणूस कसा होता? आणि कुणी बोललं नाही तर?"

मी म्हटलं, "बोलतील. मेलेल्याबद्दल सगळेच चांगला होता म्हणतात. रीत आहे."

"तू तुर्सुनच्या आईच्या मयतीला नव्हतीस," ती म्हणाली. "मी होते."

मीही होते, हुमायून. तू तेव्हा नुकताच गेला होतास. घराच्या बदल्यात त्यांना मिळालेल्या नव्या इमारतीचा नववा मजला, लिफ्टमध्ये तिरडी मावेना, म्हातारीला नऊ जिने खांद्यावरून उतरवलं. बाबा खाली उभे होते. प्रत्येक पुरुष चार पावलं खांदा देतो. हे पुढे झाले की समोरचा माणूस जागा सोडायचाच नाही. त्यांनी चार वेळा हात पुढे केला. मग हात खिशात घातले.

आईचं म्हणणं असं: मुलगा आला, दारोदार गेला, बापाच्या वतीने माफी मागितली, तर लोक विरघळतात. मुलीने मागून चालत नाही. तुर्सुन-अकाच्या पायाशी हुमायून बसला तर तुर्सुन नाही म्हणणार नाही, त्याला जावई करायला निघाला होता. "तोच एक आहे," म्हणाली. "तो आला तरच तुझ्या बापाला लोक चांगला म्हणतील. मी नाही म्हटलं अकरा वर्षं. निदान त्यांनी म्हणावं."

तर हे काम आहे तुझ्याकडे. एवढ्याचसाठी ये.

मुहय्यो


ताश्कंद, ९ फेब्रुवारी

हुमायून,

तीन दिवसांपूर्वी मी तुझ्या नावाने पत्र लिहिलं.

आई ऐकेना. सारखं "खत, खत" चाललेलं आणि ती दाराशी टपालवाल्याची वाट बघत बसलेली, थंडीत, चपला न घालता. मग मी आत गेले, वहीचं पान फाडलं आणि तुझ्यासारखं अक्षर काढलं. तू 'य'ची शेपटी लांब ओढतोस. मला कुणाचाही हात उतरवता येतो, चार वर्षं तेच केलं. लिहिलं: "बाबा, मी तुम्हाला माफ केलं. बर्फ वितळला की येतो. तुमचा हुमायून." लिफाफ्यावर एक जुना जर्मन स्टँप लावला, तू २०१० मध्ये कागदपत्रं मागायला जे पत्र पाठवलं होतंस त्याचा.

आईने ते डोळ्यांना लावलं. चुंबन घेतलं. बाबांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचून दाखवलं, त्यांना कळणार नाही हे माहीत असून. मग कागद त्यांच्या डाव्या हातात दिला.

बाबांनी कागद बघितला. फार वेळ बघितला. तुला त्यांची ती नजर माहीत आहे, नकाशा तपासायची. कागद खिडकीकडे धरायला गेले, जमलं नाही. मग माझ्याकडे बघितलं. कागद पांघरुणावर पालथा ठेवला आणि डाव्या हाताच्या बोटाने त्याच्यावर एक रेघ ओढली. सरळ, मग जरा वळलेली, मग पुन्हा सरळ. आणि तोच हात स्वतःच्या छातीवर ठेवला. "खत अझ मन," म्हणाले.

"बघ, बघ!" आई मला म्हणाली. "काळजाशी धरतायत पत्र. आता शांत होतील बघ."

मी बाहेर जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

या तीन दिवसांत आईने मोहल्लाभर सांगितलं आहे की हुमायून येतोय. हलीमा खाला आली, पहिल्यांदा, वाटीभर हालवा घेऊन. "पोरगा बापावर गेला नाही, बरं झालं," म्हणाली. आई त्यावरही हसली. आनंदाने हसली, हुमायून.

मुहय्यो


ताश्कंद, २० फेब्रुवारी

बाबा गेले. सोमवारी पहाटे. काल पुरले.

झोपेतच गेले म्हणतात तसं नाही. दोन दिवस घरघर चालली होती. शेवटी मी एकटीच जवळ होते, आई नमाजाला बसली होती. काही बोलले नाहीत. बोलले असते तरी मला कळलं नसतं.

दाराशी कमरपट्टा बांधून उभं राहायला मुलगा नाही. आईच्या चुलतभावाचा कुणी एक पोरगा उभा केला. आलेल्यांना मिठी मारायची, रडायचं, एवढंच काम. तो मध्येमध्ये फोन बघत होता. लोक आले. बरेच आले. तू येणार असं आईने सांगितलं होतं ना, म्हणून आले. तुला बघायला आले होते. तू नाहीस हे कळल्यावर त्यांचे चेहरे कसे झाले ते मी दाराच्या फटीतून बघत होते.

तिरडी गल्लीत ठेवली. आम्ही बायका अंगणात, दाराच्या मागे. इमाम नवा आहे, तरुण, त्याला काही माहीत नाही. त्याने नेहमीसारखं विचारलं, "जमात, हा माणूस कसा होता?"

कुणी बोललं नाही.

पाट वाहत होता त्याचा आवाज येत होता. इमामाला वाटलं ऐकू गेलं नाही. त्याने मोठ्याने विचारलं, "अब्दुस्सबूर कसा माणूस होता?"

तेव्हा तुर्सुन-अका बोलला. मी आवाज ओळखला. ओरडला नाही, साधं सांगितल्यासारखं म्हणाला, "स्वतःच्या घराला चांगला होता."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि खोकला काढला. इमाम गोंधळला. तिसऱ्यांदा विचारलं, घाईघाईने, आणि दोन-तीन म्हाताऱ्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलं, ते 'चांगला' होतं की आणखी काही, देव जाणे.

आणि आई, जिने अकरा वर्षं काठोकाठ पियाले भरले, ती आई दारावर धावली. दाराच्या फळ्यांवर दोन्ही हात आपटून ओरडायला लागली. "म्हणा ना रे! चांगला होता म्हणा! तुमच्या पाटांना पाणी कुणी आणलं? म्हणा ना!" बाईचा आवाज त्या वेळी गल्लीत जाणं म्हणजे काय, तुला माहीत आहे. बायका तिला ओढायला लागल्या. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. माझ्या हाताला अजून तिच्या दातांचे वण आहेत.

तिरडी उचलली. ते गेले.

मग दार उघडून ती गल्लीत बसली. म्हणाली, "तो आला असता तर म्हणाले असते. पोटचा पोरगा, आणि एक पत्र लिहून बसला."

तुला शिव्या दिल्या तिने, हुमायून. मी ऐकून घेतल्या.

मुहय्यो


ताश्कंद, २ एप्रिल

हुमायून,

तुझं पत्र मिळालं. खरं पत्र. मोहल्ल्याच्या टेलिग्राम गटावर जनाजाची वेळ वाचून तुला कळलं म्हणतोस. त्या गटात तू दुसऱ्या नावाने आहेस हेही आता कळलं. "आपा, बाबा दीड महिना अंथरुणावर होते आणि तुम्ही मला कळवलं नाही. तरी ठीक आहे. मी त्यांना माफ केलं. आईला सांग. त्या घरातली वीटसुद्धा मला नको." चार ओळी. शेवटचा 'य' लांब ओढलेला.

कळवलं होतं. या पाकिटात वरची चार पत्रं आहेत, तारखा बघ. ज्या दिवशी लिहिली त्याच दिवशीच्या आहेत. फक्त टाकली नाहीत. आईच्या समोर लिहायची, समोर पाकीट चिकटवायची, टपालाला जाते म्हणून निघायची, आणि बाजारातून कांदे घेऊन परत यायची. पाकिटं माझ्या शहलोच्या जुन्या दप्तरात होती. नवरोजला तू फोन केला नाहीस म्हणून आई दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हाही मी बोलले नाही.

आता कारण. तू माफ केलंस, असं लिहिलं नसतंस तर सांगितलंही नसतं.

ती रेघ बाबांची नव्हती. माझी होती.

मंजूर आराखड्यात रस्त्याची हद्द आपल्या घरावरून जात होती. आपलं अंगण, खोल्या, तुती, सगळं आत. तुर्सुन-अकाचं घर बाहेर, सुखरूप. बाबांनी ती तशीच ओढली होती. स्वतःच्या घरावरून, हात धुऊन. आईलाही सांगितलं नव्हतं. मला नकाशा उतरवायला दिला तेव्हा मला कळलं. मी तेव्हा चिर्चिकहून नवऱ्याला सोडून दोन वर्षांच्या शहलोला घेऊन आले होते. न्यायालयात मी लिहून दिलं होतं की मुलीला वेगळी खोली आहे. ती खोली होती म्हणून मुलगी माझी होती. आणि माझी राहण्याची सरकारी नोंद अजून नवऱ्याच्या घरी होती. घर पडलं की नोंद असलेल्यांना फ्लॅट मिळणार, म्हणजे तुम्हा तिघांना दोन खोल्या, आणि मला काही नाही. माझी सासू वाटच बघत होती. तिने वकील करून ठेवला होता.

मी बाबांना विचारलं नाही. रडले नाही. ट्रेसिंगचा कागद टाचण्यांनी बसवला आणि आपल्या घराशी आल्यावर रेघ बारा मिलिमीटर पलीकडे नेली. एकास पाचशेच्या नकाशावर बारा मिलिमीटर म्हणजे सहा मीटर. सहा मीटरांत एक घर बसतं. ऑयदिनचं होतं ते. तुझा साखरपुडा झाला होता हे मला माहीत होतं, तिला मी माझे झुमके दिले होते. मला शहलो दिसत होती, बाकी काही दिसत नव्हतं. आता दिसतं, पण त्याचा काय उपयोग?

बाबांनी तो कागद खिडकीच्या काचेवर धरला. जुन्या नकाशावर ठेवला, पुन्हा धरला. कचेरीत आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, फाडतील. म्हणाले, "तुझा हात थरथरला नाही." एवढंच म्हणाले. आणि सही केली. मग उठून हात धुवायला गेले. पहिल्यांदाच सहीनंतर.

तू चादरीवरून उठून ओरडलास तेव्हा मी सूप वाढत होते. तू विचारलंस, "रेघ तुम्ही वळवलीत का?" त्यांनी तुमच्या त्या भाषेत उत्तर दिलं. खत अझ मन. त्यांच्या बोलीत खत म्हणजे रेघसुद्धा, हे मला तेव्हापासून माहीत आहे. त्या दिवशी 'रेघ माझी आहे' म्हणाले आणि तू निघून गेलास. मी सूप वाढत राहिले. बाबा सूप प्याले.

आता तुला कळलं असेल मी पत्रं का टाकली नाहीत. आईला पत्र ऐकू येत होतं, मला रेघ ऐकू येत होती. आणि पुढचा एक शब्दही येत होता, तो मी तुला पत्रात लिहिला नाही. दुख्तरम. माझी मुलगी. एवढी भाषा तर मलाही कळते. समरकंदची ताजिक बोलणाऱ्यांना बाबांची भाषा कळते. रुखशोनाने तिसऱ्याच दिवशी मला विचारलं, "तुमचे बाबा रेघेबद्दल आणि मुलीबद्दल काय सांगतात सारखं?" तेव्हा तिला घालवलं. तिचा हात हलका होता. मला वाटलं, म्हातारा मरता मरता सांगून टाकतोय. रेघ, मुलगी. मुलगी, रेघ. तू आला असतास तर पहिल्या पाच मिनिटांत तुला कळलं असतं. म्हणून तुला येऊ दिलं नाही. आणि तू आला नाहीस म्हणून त्यांना कुणी चांगलं म्हटलं नाही.

बाबांच्या विसाव्या दिवसाच्या जेवणाला रुखशोना आली. पुलाव खाल्ला, दुआ केली, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "बिचारे सारखं एकच सांगत होते, मला वाटतं तुम्हाला कळावं. खत अझ मन अस्त, दुख्तरम न-कशीदा. रेघ माझी आहे, माझ्या मुलीने ओढली नाही."

'न' आहे त्यात. मधे एवढासा 'न' आहे, हुमायून. तो मला ऐकू आला नव्हता. सगळ्या भाषा गेल्या, अर्धं डोकं गेलं, आणि तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलत होता. मी त्यांच्या तोंडाला भीत होते.

परवा मी तुर्सुन-अकाकडे गेले. नववा मजला, लिफ्ट बंद होती. सगळं सांगितलं. तो खिडकीशी बसला होता. म्हणाला, "तुझी मुलगी कितवीत आहे?"

"सातवीत."

"तिला खोली वेगळी आहे ना अजून?"

"आहे."

"मग झालं," म्हणाला. मी म्हटलं, "तुर्सुन-अका, मोहल्ल्यात सगळ्यांसमोर सांगते मी. तुम्ही म्हणाल तेव्हा." तो म्हणाला, "कुणाला? त्याला पुरलं. तो प्रश्न एकदाच विचारतात, पोरी, माती टाकायच्या आधी. मी उत्तर देऊन बसलोय." आणि तोंडावरून हात फिरवून रडायला लागला. मला म्हणाला, "ऊठ आता. पुन्हा इथे दिसू नकोस."

तर तू ज्याला माफ केलंस त्याने तुझं काही बिघडवलं नव्हतं. अकरा वर्षं तू परदेशात त्याच्यावर रागावून राहिलास, ते माझ्या वाट्याचं होतं. मी तुझ्याकडे माफी मागत नाही. शहलो त्या बारा मिलिमीटरांमुळे माझ्याजवळ आहे आणि उद्या पुन्हा तोच कागद समोर आला तर मी काय करीन ते मला माहीत आहे.

एकच राहिलं. आईला मी सांगितलेलं नाही. ती अजून समजते की तिच्या नवऱ्याने शेजाऱ्याचं घर खाल्लं, आणि तरी रोज त्याच्या कपड्यांना ऊन दाखवते. तिला सांगितलंस तर तिचा नवरा तिला परत मिळेल, पण मग माझं तोंड ती बघणार नाही, आणि तिला उठवायला, बसवायला, औषध द्यायला या घरात मी सोडून कुणी नाही. नाही सांगितलंस तर मी तिच्याजवळ राहीन, आणि ती त्याला चोर समजतच मरेल.

मला ठरवता येत नाही. खरं सांगायचं तर मला ठरवायचं नाही. तिचा नंबर तुझ्याकडे आहे. ती फोन उशाशी ठेवून झोपते, पहिल्या घंटीला उचलेल.

मुहय्यो